पंधरा तास आणि नऊ तास
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना निकाल, इमारत, गुणवंत विद्यार्थी यांविषयी बोलले जाते आणि ते उचितच आहे. आजचा विषय मात्र शाळेच्या आवाराबाहेरचा आहे. बेंगळुरूतील एका मराठी कुटुंबाने 2023 सालच्या दसऱ्याच्या सुट्टीत मोटारीने केलेल्या अरण्यप्रवासाची ही हकीकत आहे. तीत वाघाचे दर्शन नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीही मुले अभ्यासक्रमाबाहेर काय शिकतात आणि कोणाकडे पाहून शिकतात, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक पालकाला ती आपलीशी वाटेल.

कुटुंब पाच जणांचे. वडील संगणक क्षेत्रातील कंपनीत, आई बँकेत, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत आणि सोबत आजी. आजीचे माहेर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले, रानाला लागून असलेल्या गावचे. त्यामुळे मराठीइतकीच कन्नडही तिच्या जिभेवर, आणि गवा, भेकर, ऐन, धावडा ही नावे तिला पुस्तकातून शिकावी लागलेली नव्हती. मुलांना जंगल दाखवावे ही कल्पना वडिलांची. तंबूत राहावे हा हट्ट मुलांचा. आणि ‘मीही येणार’ हा निर्णय आजीचा.

बेंगळुरूपासून सुमारे 220 किलोमीटरवर बंडीपूरचे राष्ट्रीय उद्यान आहे. म्हैसूरच्या महाराजांनी 1931 साली येथे लहानसे अभयारण्य राखले. पुढे 1941 मध्ये त्याचा विस्तार होऊन वेणुगोपाल वन्यजीव उद्यान झाले. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या मेळघाटाप्रमाणेच बंडीपूरचाही समावेश होता. आज या उद्यानाचे क्षेत्र सुमारे 874 चौरस किलोमीटर आहे. नकाशावर बंडीपूर वेगळे दिसते. पण उत्तरेला नागरहोळे, दक्षिणेला तमिळनाडूतील मुदुमलै आणि पश्चिमेला केरळातील वायनाड, असे हे सारे एकच सलग रान. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या सीमा माणसांनी आखलेल्या. हत्तींना त्या ठाऊक नाहीत. आशियाई हत्तींची जगातील सर्वांत मोठी वस्ती याच भूभागात नांदते. 1986 मध्ये घोषित झालेले देशातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र, निलगिरी, ते हेच.

अशा या रानाच्या मधून म्हैसूर–उटी राष्ट्रीय महामार्ग जातो. कुटुंबाची योजना साधी होती. दुपारी बेंगळुरू सोडायचे, वाटेत म्हैसूरला थांबायचे, रात्री बंडीपूर ओलांडून पलीकडे मसिनगुडीला मुक्काम करायचा. वडिलांचे कार्यालयीन काम लांबले आणि निघायला दुपारचे दोन वाजले. त्याच वर्षी मार्चमध्ये खुल्या झालेल्या द्रुतगती महामार्गाने म्हैसूर पटकन आले. पण म्हैसुरात दसऱ्याची गर्दी. राजवाड्यावरचे हजारो दिवे एकदम उजळतात तो क्षण मुलांना चुकवायचा नव्हता. तो पाहून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत साडेसात होऊन गेले. नंजनगूड मागे पडले, गुंडलुपेट मागे पडले. मागच्या आसनावर आजीने डबा उघडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटली. मेलुकामनहळ्ळीच्या वनतपासणी नाक्यावर गाडी पोचली, तेव्हा घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटे झाली होती आणि रस्त्यावर आडवा दांडा पडलेला होता.

रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत त्या रस्त्यावरून खासगी वाहनांना प्रवेश नाही. वडिलांना हे वाचून माहीत होते. पण बारा मिनिटांचे काय एवढे, असे त्यांना वाटले. पलीकडच्या मुक्कामाचे पैसे भरलेले होते. त्यांनी वनरक्षकाला विनंती केली, कारण सांगितले, पुन्हा विनंती केली. वनरक्षक तरुण होता. त्याने आवाज चढवला नाही आणि दांडाही उचलला नाही. मागे थांबलेल्या एका गाडीतील गृहस्थ जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “रुग्णाला सोडतात. आजींची तब्येत बिघडली आहे म्हणून सांगा.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. वडिलांनी गाडीकडे वळून पाहिले. मुलगी खिडकीची काच खाली करून सारे ऐकत होती. पुढचे वाक्य वडील उच्चारणार की नाही, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात आजीने दार उघडले, पदर सावरला आणि ती खाली उतरली.

“मी ठणठणीत आहे,” ती मुलाला म्हणाली. “उगाच माझ्या नावावर खोटं नको.”

मग ती वनरक्षकाशी कन्नडमधून बोलू लागली. त्याने तिला ‘अज्जी’ म्हणून हाक मारली आणि बसायला स्टूल आणून दिले. आजी आणि अज्जी यांत अंतर ते कितीसे! ती त्याचे गाव विचारत होती, रात्री हत्ती कुठून येतात ते विचारत होती. मुलगाही उतरून तिच्याजवळ उभा राहिला. वनरक्षकाने त्याला विचारले, “दिवसाचे तास किती?” मुलगा म्हणाला, “चोवीस.” “त्यांतले पंधरा तुमच्या गाड्यांचे. नऊ त्यांचे,” असे म्हणून त्याने अंधाराकडे बोट दाखवले.

त्या रात्री कुटुंब गुंडलुपेटला परतले आणि एका साध्या लॉजमध्ये राहिले. मसिनगुडीचे पैसे बुडाले. वडील बराच वेळ गप्प होते.

या बंदीमागचा इतिहास पालकांनी समजून घेण्याजोगा आहे. रात्री प्रकाशझोताने प्राणी दिपून जागीच थबकतात आणि वेगाने येणाऱ्या वाहनाखाली सापडतात. बिबट्या, सांबर, चितळ, कधी हत्तीसुद्धा असे बळी पडले. 2009 मध्ये चामराजनगरच्या जिल्हा प्रशासनाने बंडीपुरातून जाणाऱ्या दोन्ही राष्ट्रीय महामार्गांवर रात्रीची बंदी घातली आणि मार्च 2010 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. रुग्णवाहिका आणि ठरावीक संख्येतील बसगाड्या यांना मुभा ठेवण्यात आली. दुसऱ्या बाजूलाही तिची व्यथा आहे. वायनाडमधील शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा माल, नोकरदारांचे येणे-जाणे यांना ही बंदी जाचते. केरळने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 2019 मध्ये सुलतान बत्तेरीत तरुणांनी उपोषणही केले. त्यांना अडाणी किंवा निसर्गद्वेष्टे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोजच्या भाकरीसाठी त्या रस्त्यावर अवलंबून असणाऱ्याचा प्रश्न आणि सहलीला निघालेल्याची बारा मिनिटे या एका तराजूत तोलायच्या गोष्टी नव्हेत. मात्र म्हणूनच, ज्यांना अडचण कमी आहे त्यांनी तरी नियम निमूटपणे पाळावा, एवढे त्यातून निघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दांडा उठला. रानातून जाताना थांबायचे नाही, खाली उतरायचे नाही, कर्णा वाजवायचा नाही, माकडांना खाऊ घालायचा नाही. हे सारे नियम आदल्या रात्री वनरक्षकाने मुलांकडून वदवून घेतले होते. गाडी सावकाश निघाली. ऐन आणि धावड्याच्या झाडांवर धुके होते. थोड्या अंतरावर डांबरी रस्त्याच्या मधोमध हत्तीची ताजी लीद पडली होती आणि गार हवेत तिच्यातून वाफ निघत होती. पुढे आणखी एक ढीग, मग आणखी. मोडलेल्या बांबूच्या फांद्या रस्त्यावर पसरल्या होत्या. कुठे एका कडेच्या ओल्या मातीतून दुसऱ्या कडेला गेलेले भले मोठे गोल ठसे होते. मुलगा खिडकीला नाक लावून मोजू लागला. राज्याच्या सीमेपर्यंत लिदीचे चौदा ढीग झाले. हत्ती एकही दिसला नाही.

“म्हणजे रात्रभर ते इथेच होते?” त्याने विचारले.

“आपण आलो असतो, तर समोरासमोर आलो असतो,” वडील म्हणाले. आदल्या रात्रीपासून त्या नाक्याविषयी त्यांनी काढलेले हे पहिलेच उद्गार होते.

सीमेपलीकडे मोयार नदीच्या काठी तेप्पक्काडूचा हत्ती कॅम्प आहे. नाचणीचे मोठमोठे गोळे माहूत हत्तींना भरवतात, ते मुलांनी तेथे पाहिले. अनाथ हत्तीच्या पिलाला वाढवणाऱ्या येथीलच एका आदिवासी दांपत्यावरील माहितीपटाला त्याच वर्षी ऑस्कर मिळाले होते, त्यामुळे मुलीला ते ठिकाण पाहायची उत्सुकता होती. तिचे लक्ष मात्र हत्तींपेक्षा माहुतांच्या बोलण्याकडे गेले. ते जवळजवळ कुजबुजल्यासारखे बोलत आणि एवढे मोठे जनावर ते ऐके.

आता तंबूविषयी. आपल्याकडील व्याघ्रक्षेत्रांत, परदेशातील काही उद्यानांप्रमाणे, स्वतःचा तंबू घेऊन वाटेल तेथे उतरता येत नाही. माणसाचे रानात शिरणे आधीच पुरेसे झाले आहे, म्हणून तसा नियम आहे. परवानगी असलेल्या ठरावीक तळांवरच राहता येते. मुलांचा हट्ट पुरवण्यासाठी कुटुंबाने बंडीपूरहून पूर्वेकडे, चामराजनगरच्या पलीकडील बिळिगिरी रंगनाथस्वामी डोंगरांतील क्यातदेवर गुडी हा तळ निवडला होता. कन्नडात गुडी म्हणजे देऊळ, हे मुलांनी आजीला समजावले आणि ते तिला आधीच ठाऊक असल्याचे पाहून ती खजील झाली. म्हैसूरच्या राजघराण्याच्या शिकारीच्या दिवसांत वापरल्या गेलेल्या या जागी आता शासकीय पर्यटन संस्थेचे कॅनव्हासचे तंबू आहेत. पश्चिम घाट आणि पूर्व घाट यांना जोडणारा हा डोंगरपट्टा 2011 मध्ये व्याघ्रक्षेत्र म्हणून घोषित झाला. या वेळी कुटुंब दुपारीच तळावर हजर झाले.

या डोंगरांत सोलिगा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. अभयारण्य झाले तेव्हा त्यांना त्यांच्या वस्त्यांवरून हलवण्यात आले. पुढे दीर्घ प्रयत्नांनंतर 2011 मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्रक्षेत्रातील आदिवासींना असे हक्क मिळण्याचा हा देशातील पहिला प्रसंग. येथेच 1981 मध्ये डॉ. एच. सुदर्शन यांनी विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापन केले आणि सोलिगा मुलांसाठी शाळा उभारली. एखाद्या लहान भाषिक समूहासाठी शाळा चालवणे म्हणजे काय, हे या सभागृहात निराळे सांगायला नको.

संध्याकाळी तळाच्या आवारात एका सोलिगा वाटाड्याने कुटुंबाला रस्त्याकडेची झुडपे दाखवली. लाल-पिवळ्या फुलांचे सुंदर गुच्छ पाहून आईने छायाचित्र काढले. आजी म्हणाली, “अगं, ही तर घाणेरी!” आपण घाणेरी किंवा टणटणी म्हणतो ती ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी बागांत लावली गेली आणि तेथून रानोमाळ पसरली. तिच्या दाट जाळ्यांखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे चितळ-सांबरांना चारा नाही. उन्हाळ्यात तीच झुडपे वणव्याला इंधन पुरवतात. सोलिगांचे म्हणणे असे की, पूर्वी ते पाचोळ्याला लहान लहान आगी लावत, तेव्हा घाणेरी माजत नव्हती. ती प्रथा बंद पडली आणि हिचे फावले. वाटाड्या कन्नडमधून झाडांची नावे सांगत होता आणि आजी त्याच झाडाचे मराठी नाव पुढे ठेवत होती. मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबळा, तेग म्हणजे साग. वाटाड्या ‘करडी’ म्हणाला, आजीने ‘अस्वल’ म्हटले. मुलीने वहीत दोन रकाने आखले आणि ती लिहीत गेली.

रात्रीचे जेवण लवकर झाले. अंधारात तंबूपासून दूर जाण्यास मनाई होती. नऊच्या सुमारास दिवे मालवले गेले आणि मुलाने घड्याळ पाहून जाहीर केले, “आता त्यांची वेळ.” आदल्या रात्री ज्या नऊ तासांच्या दारातून परतावे लागले होते, त्याच नऊ तासांत आज कापडाच्या एका भिंतीआड पाच माणसे पडून होती. प्रथम काहीच ऐकू येईना. मग रातव्याचा एकसुरी आवाज सुरू झाला. तंबूमागे गवत ओरबाडल्याचा आवाज येऊ लागला. चितळे चरत असावीत. मध्यरात्रीनंतर दूर भेकर भुंकले, थांबले, पुन्हा भुंकले. आजीने हळूच सांगितले, “भेकर उगाच भुंकत नाही. त्याला कुणीतरी दिसलं आहे.” कोण दिसले, ते कधीच कळले नाही. मुलगा आईच्या कुशीत शिरला, पण रडला नाही. पहाटे शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू आली. वडील म्हणाले, गेल्या कित्येक वर्षांत इतका वेळ काहीही न करता नुसते ऐकत राहिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

परतीच्या वाटेवर मुलीने वहीतील दोन्ही रकाने वाचून दाखवले. कन्नड रकाना भरला होता. मराठी रकान्यात तीन जागा रिकाम्या होत्या, कारण ती झाडे खानापूरच्या रानात आजीने पाहिली नव्हती. घरी आल्यावर त्या शोधण्यासाठी मारुती चितमपल्ली यांची पुस्तके काढण्यात आली. वनखात्यात उभी हयात घालवलेल्या या लेखकाने पक्षिकोश, प्राणिकोश रचून मराठीला रानाची भाषा दिली, हे या घरातील मुलांना त्या निमित्ताने कळले. दोन नावे मिळाली. तिसरी जागा अजून रिकामी आहे.

पालकहो, सुट्टीनंतर त्या मुलाला वर्गात सर्वांनी एकच प्रश्न विचारला: “वाघ दिसला का?” तो नाही म्हणाला, तेव्हा मुलांचा रस संपला. आपणही जंगलातून परतलेल्या मुलांना हाच प्रश्न प्रथम विचारतो. त्याऐवजी ‘काय ऐकलंस?’, ‘कोणाला वाट दिलीस?’ असे विचारून पाहावे. राष्ट्रीय उद्यानात आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याने घराच्या वेळा पाळायच्या असतात. मुलांना हे प्रवचनाने शिकवता येत नाही. नाक्यावरच्या त्या क्षणी वडील ते वाक्य बोलले असते, तर दांडा कदाचित उठलाही असता, मसिनगुडीचे पैसेही वाचले असते. पण खिडकीची काच खाली होती आणि मुलगी ऐकत होती. आजीने तो प्रसंग निभावला. प्रत्येक प्रवासात आजी सोबत असेलच असे नाही. त्या वेळी ते काम आपल्यालाच करायचे आहे.

त्या घरात दसऱ्यानंतरही एक सवय टिकून राहिली आहे. रात्री जेवणे चालू असतात, बाहेर बेंगळुरूची वाहने अखंड वाहत असतात. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले की मुलगा मान वर करून म्हणतो, “फाटक लागलं असेल.” आणि क्षणभर सारे घर गप्प होते.